पंचनाम्यावर ज्यांची सही असते

रहस्यकथेत प्रेत ज्याला पहिल्यांदा दिसतं, त्याला दुसऱ्या प्रकरणानंतर कुणी विचारत नाही. दूधवाला, मोलकरीण, बगीच्यातला राखणदार, गावचा पोलीस पाटील. यांनी धावत यायचं, घाबरत जबाब द्यायचा, पंचनाम्यावर सही करायची आणि कथेतून निघून जायचं. मग शहरातून जीप येते, नायक उतरतो आणि गोष्ट त्याची होते. हे पुस्तक त्या निघून गेलेल्या माणसांचं आहे. त्यांच्यातलं एखादं पात्र परत आलं आणि जीपची वाट न बघता गोष्ट स्वतःच चालवू लागलं, तर कथेत काय काय बदलतं, काय बदलू नये, आणि आजवर हे कुणी कसं केलं, याचा शोध पुढच्या पानांत आहे.

चालू मालिकेतल्या दुय्यम पात्रावरून नवी मालिका काढायची, याला टीव्हीच्या धंद्यात स्पिन-ऑफ म्हणतात. मी इथे उपमालिका म्हटलं आहे. नायक म्हातारा झाला आणि त्याचा मुलगा किंवा चेला तपास करू लागला, तर ती वारसाची गोष्ट झाली. तिचा विचार इथे नाही. उपमालिकेत मूळ नायक धडधाकट असतो, नोकरीवर असतो, वाचकाच्या मनात त्याचं चांगलं बस्तान असतं. तरीही लेखक ठरवतो की या वेळी त्याच्याकडे जायचं नाही. हे धाडस आहे आणि बहुतेक वेळा ते फसतं. का फसतं, हे कळायला आधी जगातला पसारा थोडा बघावा लागेल.

होम्सच्या शेजारी वॉटसन उभा राहिला आणि जोडीचा साचा पडला. एक बुद्धिमान, दुसरा प्रामाणिक. एक बघतो, दुसरा लिहून ठेवतो. आर्थर कॉनन डॉयलने १८९३ मध्ये होम्सचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट आणला. तो होम्सपेक्षाही हुशार, पण खुर्चीतून उठायचा कंटाळा. त्याच्यावर स्वतंत्र मालिका काढायचा मोह डॉयलला झाला नाही आणि ते बरंच झालं. जो उठतच नाही त्याचा तपास किती गोष्टी पुरणार? तो मोह पुढे इतरांना झाला. एम. जे. ट्रो यांनी होम्सच्या सावलीत चाचपडणाऱ्या इन्स्पेक्टर लेस्ट्रेडला नायक केलं, कॅरोल नेल्सन डग्लस यांनी एकाच कथेत येऊन गेलेल्या आयरीन ॲडलरला मालिका दिली, आणि बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार यांनी चक्क मायक्रॉफ्टला खुर्चीतून उठवलं. मूळ लेखकाच्या मागे दुसऱ्यांनी त्याच्या घरातली माणसं बाहेर काढायची, हा एक मोठा पंथच आहे. त्यातलं बरंचसं लेखन मला उसनं वाटतं. लेस्ट्रेड हुशार निघाला की गंमत वाटते, पण ती गंमत होम्सच्या खर्चाने चाललेली असते. होम्स माहीत नसलेल्या वाचकाला त्यातलं निम्मंही हाती लागत नाही.

स्वतःच्याच पात्राला बढती देणारे लेखक अधिक शिकवतात. ॲगाथा ख्रिस्तीचं उदाहरण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. १९२६ च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’मध्ये डॉक्टरची एक अविवाहित बहीण आहे, कॅरोलीन. ती घराबाहेर फारशी पडत नाही, पण गावात कोण कुणाकडे गेलं, कुणाच्या घरी काय शिजलं, सगळं तिला माहीत. कथेत ती विनोदापुरती आहे. या कॅरोलीनवर आपला जीव होता आणि मिस मार्पल बहुधा त्यातूनच उगवली, असं ख्रिस्तीने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. मार्पलची पहिली कथा १९२७ च्या डिसेंबरात आली. बारकाईने बघा: ख्रिस्तीने कॅरोलीनला नायिका केलं नाही. तिच्यातलं एकच बळ उचललं, म्हणजे गावातल्या चौकश्यांतून माणूस ओळखणं, आणि त्या बळावर चालेल अशा गुन्ह्यांचं गाव नव्याने वसवलं. उलट, एरिअडनी ऑलिव्हर ही तिची लाडकी लेखिका-पात्र १९३२ पासून अधूनमधून येत राहिली, ‘द पेल हॉर्स’मध्ये ख्रिस्तीच्या गुप्तहेर प्वारोशिवायही आली, पण तिथेही कडेलाच राहिली. ऑलिव्हरबाई जिथे येतात तिथे हशा पिकतो. हशा पिकवणाऱ्या पात्रावर अख्खी मालिका उभी राहत नाही, हे ख्रिस्तीला कळलं असावं.

अमेरिकेत रॉबर्ट क्रेसने एल्व्हिस कोल या बडबड्या गुप्तहेराशेजारी जो पाइक हा मुका वाटावा असा जोडीदार १९८७ मध्ये उभा केला आणि त्याला स्वतःची कादंबरी दिली ती २००७ मध्ये. कोलच्या गोष्टी ‘मी’ म्हणून सांगितलेल्या आहेत, पाइकच्या तृतीयपुरुषी. जो माणूस बोलत नाही त्याने ‘मी’ म्हणून तीनशे पानं कशी सांगावीत? एवढा साधा विचार अनेक लेखकांना सुचत नाही. आयर्लंडच्या टाना फ्रेंचने तर वेगळीच रीत पाडली. डब्लिनच्या खून-तपास पथकावरच्या तिच्या पुस्तकांत एका कादंबरीतलं दुय्यम पात्र पुढच्या कादंबरीचं निवेदन करतं. ‘इन द वूड्स’मधली कॅसी पुढे ‘द लाइकनेस’ सांगते, त्यातला फ्रँक मॅकी ‘फेथफुल प्लेस’ सांगतो. तिथे कायमचा नायक कुणीच नाही, त्यामुळे कायमचा दुय्यमही कुणी नाही. इंग्रजी टीव्हीवर इन्स्पेक्टर मोर्सचा सहायक लुईस २००६ मध्ये मालिकेचा मालक झाला. ती तशी वारसाचीच गोष्ट, तरी इथे नोंदवण्याजोगी. आधी साहेबाच्या मागे चालणारा माणूस आता स्वतः साहेब झाल्यावर कसा अवघडतो, यातच त्या मालिकेचा अर्धा जीव आहे.

आपल्याकडे, म्हणजे वरूडसारख्या मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या गावात, मराठीइतकंच हिंदी वाचन चालतं. एसटी स्टँडवरच्या हिंदी पॉकेट बुकांतून इथल्या कितीतरी वाचकांना रहस्याची गोडी लागली. त्या जगाचा मूळपुरुष इब्ने सफी. अलाहाबादेत १९५२ मध्ये ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली, तिच्यात फरीदी आणि त्याचा चेष्टेखोर सहायक हमीद. हिंदी आवृत्त्यांत फरीदीचा कर्नल विनोद झाला. हमीद अनेकांना फरीदीपेक्षा जवळचा वाटे. तरी १९५५ मध्ये नवी मालिका काढायची वेळ आली तेव्हा सफींनी हमीदला बढती दिली नाही, इमरान नावाचा नवाच माणूस आणला. केशव पंडितची कथा तर रहस्यकथेपेक्षा रहस्यमय. वेदप्रकाश शर्मा यांनी निर्माण केलेलं हे पात्र इतकं चाललं की पुढे लेखक म्हणूनच ‘केशव पंडित’ हे नाव छापलेल्या कादंबऱ्या बाजारात आल्या. पात्र मुखपृष्ठावरच्या लेखकाच्या जागी जाऊन बसलं. याहून मोठी बढती मला ठाऊक नाही.

बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेशची गोष्ट त्याचा मित्र अजित सांगतो. पुढेपुढे अजित पुस्तकांच्या धंद्यात गुंतला म्हणून शरदिंदूंनी त्याला निवेदनातून मोकळं केलं. त्या शेवटच्या कथा वाचताना अजितची उणीव भासते, आणि त्या उणिवेवरून त्याचं खरं काम कळतं. सत्यजित राय यांच्या फेलूदाकडे १९७१ च्या ‘सोनार केल्ला’त जटायू हा भोळा रहस्यकथालेखक आला आणि कायमचा राहिला. फेलूदा मराठीत आल्यापासून आपल्याकडच्या मुलांनाही जटायू आवडतो. त्याची वेगळी मालिका निघाली नाही, पण तो आल्यावर फेलूदाच्या कथांचा सूर बदलला. कधी कधी दुय्यम पात्र घर सोडून जात नाही, घराचाच नकाशा बदलतं.

आता आपलं मराठी. गो. ना. दातारांच्या ‘कालिकामूर्ति’, ‘बंधुद्वेष’सारख्या अद्भुत कादंबऱ्यांपासून वाचकाला उत्कंठेची सवय लागली होती. बाबूराव अर्नाळकरांनी तिचं व्यसन केलं. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिलेल्या या माणसाने धनंजय-छोटू, झुंजार-विजया, काळापहाड अशी माणसं मराठी घरांत आणून सोडली. छोटू कितीही आवडता असला तरी त्याचं नाव निघालं की पाठोपाठ धनंजयच आठवतो. नव्या चवीची गरज पडली की अर्नाळकर नवा नायक काढत, जुन्याच्या सहायकाला वर आणत नसत. गुरुनाथ नाईकांचंही तेच. गोलंदाज, शिलेदार, शब्दवेधी, रातराणी, गरुड अशा मालिका त्यांनी शेजारी शेजारी चालवल्या. हजारावर पुस्तकं लिहिणाऱ्या लेखकाला एका खोडाला फांद्या फोडण्यापेक्षा नवं झाड लावणं सोपं पडलं असणार. सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन अशी चार तऱ्हांची माणसं वेगवेगळ्या मालिकांत ठेवली. प्रत्येकाची चाल वेगळी, पण प्रत्येक जण आपापल्या पुस्तकाचा पहिल्या पानापासूनच धनी.

असं का झालं असावं? माझं उत्तर भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत आहे. वाचक काउंटरवर येऊन ‘झुंजार आहे का नवा?’ असं विचारायचा. नायकाचं नाव हाच पुस्तकाचा पत्ता होता. ‘छोटूची गोष्ट’ म्हटलं असतं तर वाचनालयवाल्याने ती कुठल्या फळीवर ठेवायची? महिन्याकाठी पुस्तकं निघत, प्रकाशकाला मुखपृष्ठ आधी लागे, आणि मुखपृष्ठावर पिस्तूल घेतलेला एकच माणूस मावे. लेखकांची कल्पकता कमी नव्हती, धंद्याची मांडणीच तशी होती. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तेवढा या मांडणीच्या बाहेर वाढला, कारण तो मुलांचा होता आणि मुलं मित्रांसकट नायक स्वीकारतात. २०१७ च्या त्याच्यावरच्या चित्रपटात तर खुद्द भा. रा. भागवत हेच एक पात्र झाले आणि दिलीप प्रभावळकरांनी ते साकारलं. लेखकाला आपल्या नायकाच्या गोष्टीत दुय्यम भूमिका मिळाली!

गंमत अशी की रहस्यकथेबाहेर मराठी लेखक हे काम सराईतपणे करत आले आहेत. महाभारतात कर्ण अर्जुनासमोर उभा आहे. शिवाजी सावंतांनी १९६७ च्या ‘मृत्युंजय’मध्ये त्याला मधोमध आणलं, रणजित देसाईंनी ‘राधेय’ लिहिली. कडेच्या पात्राला मध्यभागी बसवणं मराठी वाचकाला नवं नाही, उलट त्याच्या अतिशय आवडीचं आहे. पुराणात आणि इतिहासात जे चालतं ते खुनाच्या गोष्टीत का चालू नये, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं होता. त्याचं पहिलं मोठं उत्तर पुस्तकातून आलंच नाही, ते टीव्हीवरून आलं.

२०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. कोकणातलं नाईकांचं घर, आणि घराचे कर्ते अण्णा यांच्या मृत्यूपासून गोष्टीला आरंभ. अण्णा गोष्टीचं कारण होते, नायक नव्हते. पण मेलेला माणूस प्रेक्षकांच्या मनातून जाईना. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात मालिका मागे गेली आणि अण्णांच्या हयातीतली कथा सांगू लागली. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता घराघरात पोचली. आता लक्ष द्यायची गोष्ट ही: अण्णा मरणार, हे प्रेक्षकाला आधीच माहीत होतं. म्हणजे पहिल्या पर्वाचा ‘इथे काय चाललंय?’ हा प्रश्न दुसऱ्या पर्वाला वापरताच येत नव्हता. त्यांनी प्रश्न बदलला. हा माणूस असा कसा झाला, आणि त्याच्या भोवतीच्या बायकांनी ते कसं सोसलं, या प्रश्नावर अख्खं पर्व चाललं. मराठीत उपमालिका जमली ती प्रश्न बदलल्यामुळे जमली, असं मी म्हणेन. हेच या पुस्तकाचं मुख्य म्हणणं आहे.

पात्र बदललं आणि प्रश्न तोच राहिला, तर उपमालिका मरते. मूळ मालिकेत इन्स्पेक्टर ‘खून कुणी केला?’ हे शोधतो. उपमालिकेत त्याचा हवालदार तेच शोधू लागला तर वाचकाला पहिल्या वीस पानांत इन्स्पेक्टरची आठवण होते. मग लेखक घाबरतो आणि हवालदाराला साहेबाची बुद्धी बहाल करतो. काल डायरी लिहिताना अडखळणारा माणूस आज सिगारेटच्या राखेवरून मुंबईचा पत्ता सांगतो. वरूड तालुक्यात संत्र्याची कलमं कशी करतात ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना यातली चूक लगेच कळेल. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. पाणी खुंटाचं, फळ डोळ्याचं. पुढे खुंटापासून जोमदार, सरळ, हिरवेगार फुटवे निघतात, त्यांना पानसोट म्हणतात. ते वेळेवर काढले नाहीत तर झाड भरगच्च दिसतं, पण फळ धरत नाही. मूळ नायकाचे गुण घेऊन वाढलेलं दुय्यम पात्र हे पानसोट आहे. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेतला माणूस ते हाताने मोडून टाकेल. आपले लेखक त्याच्यावर तीन भागांची मालिका जाहीर करतात.

दुसरा धोका सवयीचा. टीव्हीवर ‘सीआयडी’ १९९८ पासून चालली आणि तिच्यातला दया दरवाजा तोडतो हे पोरासोरांना पाठ झालं. दरवाजा तोडणं ही खूण आहे, ती स्वभाव नव्हे. खुणेवर प्रेक्षक टाळ्या देतात, म्हणून लेखकाला वाटतं की याच्यावर मालिका निघेल. पण एकट्या माणसाला गोष्ट पेलायची तर त्याला एखादी इच्छा लागते, एखादी लाज लागते, आणि जिथे त्याचं काहीच चालत नाही अशी एक जागा लागते. मूळ मालिकेत त्याची मर्यादा विनोदाला किंवा नायकाचं तेज वाढवायला वापरलेली असते. उपमालिकेत तीच मर्यादा कथेचं इंधन व्हायला हवी. अधिकार नसलेल्याला अधिकार देऊ नका, तो अधिकाराशिवाय काय करतो ते दाखवा. मला हे सांगायला सोपं गेलं, लिहायला फार कठीण आहे.

हे सगळं आत्ताच का? एक कारण कानाचं. २०१७ नंतर ध्वनिपुस्तकांचे मंच मराठीत आले आणि भागाभागाने ऐकायच्या गोष्टींना मागणी वाढली. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी तर वाचक लेखकाला थेट सांगतात की अमुक पात्र परत आणा. वाचनालयाच्या फळीची अडचण तिथे नाही. एका मालिकेतून दुसरीत जायला वाचकाला बोट फिरवावं लागतं एवढंच. दुसरं कारण हक्कांचं. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनाचे हक्क टिकतात. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कथांवरचे हक्क २०५६ अखेरपर्यंत आहेत, आणि छोटूला नायक करायचं कुणाच्या मनात आलं तर वारसांची परवानगी लागणार हे धरून चालावं. होम्सच्या बाबतीत अमेरिकेत शेवटच्या कथाही २०२३ च्या आरंभी मोकळ्या झाल्या. त्याआधी २०२० मध्ये, होम्सच्या लहान बहिणीवर बेतलेल्या ‘एनोला होम्स’ चित्रपटावर डॉयलच्या वारसांनी दावा लावला होता. उत्तरकाळातल्या, तेव्हा अजून मोकळ्या न झालेल्या कथांमधला मायाळू होम्स चित्रपटवाल्यांनी घेतला, असं वारसांचं म्हणणं! तो दावा नंतर मिटला. पण नायकाला भावना असण्यावरही मालकी सांगता येते, एवढं नव्या लेखकाने ध्यानात ठेवावं. म्हणून माझा सल्ला साधा आहे. उपमालिका काढायची तर स्वतःच्याच घरातून काढा, आणि त्यासाठी आधी स्वतःच्या दुय्यम माणसांना नावगाव देऊन ठेवा.

माझ्या घरात अशी एक पोलीस पाटीलबाई होती. गेली काही वर्षं दिवाळी अंकांतून मी अमरावतीच्या एका इन्स्पेक्टरच्या गोष्टी लिहीत आलो. त्यांतल्या बऱ्याच वरूड, मोर्शी भागात घडतात. तपासासाठी साहेब येतात तेव्हा गावात त्यांना माहिती द्यायला कुणीतरी लागतं, तेवढ्यासाठी ही बाई आली. गोष्टीगणिक ती येत राहिली, कारण पोलीस पाटील हे पद कथेला सोयीचं आहे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने वंशपरंपरेची पाटीलकी मागे पडून नेमणुकीचा पोलीस पाटील आला. त्याने गावात काही विपरीत घडलं की ठाण्याला कळवायचं, साहेब येईपर्यंत जागा राखायची, तपासाला मदत करायची. मानधन बेताचं, गणवेश नाही, बंदूक नाही. गावातल्याच बाईला हे पद मिळालं की गाव तिच्या नवऱ्यालाच ‘पाटील’ म्हणून हाक मारतं आणि तक्रारीही त्याच्याचकडे नेतं. मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल करायला मात्र ठाण्यातून फोन हिलाच येतो.

या बाईचा प्रश्न ‘खून कुणी केला?’ असा असूच शकत नाही. बहुतेक वेळा तिला ते तिसऱ्या दिवशी कळलेलं असतं. अख्ख्या गावालाच कळलेलं असतं. तिचा प्रश्न वेगळा: जे मला माहीत आहे ते ठाण्यात सांगितलं तर उद्या या गावात मी कशी राहू, आणि नाही सांगितलं तर या पदावर कशी राहू? साहेबांची जीप संध्याकाळी परत जाते. हिचं घर तिथेच आहे, आणि संशयिताची म्हातारी रोज हिच्याच दारावरून पाण्याला जाते. हा पेच इन्स्पेक्टरच्या वाट्याला कधीच येत नाही. तो सापडला तेव्हा मला मालिका सापडली.

गुन्हेही मग गावातूनच आले. संत्र्याचा बगीचा झाडावरच विकला जातो. व्यापारी इसार देऊन जातो, भाव पडला की फळ झाडावर सोडून गायब होतो, आणि कास्तकाराच्या हातात कागदाचा चिटोराही नसतो. इथे भूजलाचा इतका उपसा झाला आहे की शेजाऱ्याची बोअर आटली तर संशय तुमच्या नव्या बोअरवर येतो, आणि त्या संशयातून किती वैरं पिकतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. वर्धा नदीच्या या काठाला अमरावती जिल्हा, पलीकडच्या काठाला वर्ध्याचा आष्टी तालुका. पात्रात प्रेत सापडलं तर ते कोणत्या हद्दीतलं, यावर दोन ठाणी दुपारपर्यंत घोळ घालू शकतात. उत्तरेला दुसरं राज्यच. यातला प्रत्येक धागा पाटीलबाईच्या हाताशी आहे आणि साहेबाच्या हाताबाहेर.

सुगाव्यांचंही तसंच. आंबिया बहारासाठी थंडीत बगीचा ताणावर सोडतात, म्हणजे झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, जमीन भेगाळते. अशा बगीच्यात एकाच झाडाखालची माती ओली आणि भुसभुशीत दिसली तर इन्स्पेक्टरला काही वाटणार नाही. पाटीलबाई तिथेच थांबेल. ताणावरच्या बगीच्यात कुणी पाणी घालत नाही, आणि घातलंच तर खणलेलं झाकायला. यासाठी तिला कुशाग्र बुद्धी द्यावी लागली नाही. तिची स्वतःची चारशे झाडं आहेत.

पुस्तकाची मांडणी दोन अंगांनी केली आहे. आधी लेख आहेत. ते नव्याने रहस्यकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी आणि हौशी वाचकांसाठी आहेत. वर उल्लेखलेल्या लेखकांपैकी काहींच्या कथा उसवून, दुय्यम पात्र नेमकं कुठे तोल घेतं ते त्यांत तपासलं आहे. समीक्षेची परिभाषा टाळली आहे. अर्नाळकर-नाईक यांच्यावर लिहिताना कुत्सित सूर टाळायचाही प्रयत्न केला आहे. ज्यांनी तीन पिढ्यांना वाचायला लावलं त्यांना ‘चटकदार’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांचा मला जुना राग आहे. उत्तरार्धात एकच प्रकरण दोनदा सांगितलं आहे: एकदा इन्स्पेक्टरच्या मालिकेतली गोष्ट म्हणून, जशी ती आधी छापून आली तशी, आणि एकदा पाटीलबाईच्या नव्या मालिकेतली पहिली गोष्ट म्हणून. गुन्हेगार दोन्हींत तोच आहे, त्यामुळे दुसरी वाचताना तो कळण्याची उत्सुकता राहत नाही. ती जाणीवपूर्वक मोडली आहे.

भाषेबद्दल थोडं. इन्स्पेक्टरच्या गोष्टीत गावकरी वऱ्हाडी बोलतात आणि निवेदन प्रमाण मराठीत आहे, त्यामुळे वऱ्हाडी ऐकताना वाचक नकळत साहेबाच्या बाजूला उभा राहतो. पाटीलबाईच्या गोष्टीत निवेदनच तिच्या बोलीत आहे, आणि प्रमाण मराठी तेवढी साहेब बोलतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला पहिली पाच-सात पानं जड जातील. शब्दार्थांची यादी मुद्दामच दिलेली नाही; इसार, मर्ग, ताण, पानसोट हे शब्द गोष्टीतल्या व्यवहारातून उलगडतात, आणि जे उलगडत नाहीत ते साहेबांनाही उलगडलेले नाहीत. मालिकेतली पुढची गोष्ट मृग बहाराच्या तोडणीची आहे. तिच्यात नदीपलीकडचं ठाणं येतं, आणि पलीकडच्या गावचा पोलीस पाटीलही येतो. तो हिला अजिबात मानत नाही.